नात्यातलं

पाषाण. रात्रीचे साडेअकरा. इनक्युबेटर चाळीसवर.
देवीची ही चुलतबहीण केंद्रकात शिरतच नाही,
पेशीच्या पार्किंगमध्येच चूल मांडते,
दोन्ही टोकं वळवून शिवलेला स्वतःचा धागा
तिथंच उसवते, तिथंच विणते.

वॉचमन आहे की.
बाहेरचा डीएनए दिसला की गच्च आवळतो.
मग तिचं कायनेज येतं,
वॉचमनच्या हातावर फॉस्फेट टेकवतं.
चिरीमिरी.
पकड सुटते.

माझ्या वाणाचं कायनेज चाळीसला लुळं पडतं.
आज नवा धागा नाही, पट्टी कोरी.
शिरवळकर सर खूश होतील.

पण पेशीचंही एक कायनेज आहे, अगदी तसंच,
भरपूर असलं तर तेही वॉचमनला फितवतं.
आपलंच, जन्मापासूनचं.
आणि नाव आपण ठेवलं विषाणूच्या नात्यानं,
घरच्या पोराची ओळख
चोराकडून सांगावी तसं.

पाचारणेमामा फ्लास्क विसळायला बाही सरकवतात.
दंडावर दोन वण, हिनंच उमटवलेले,
जुन्या दहा पैशांएवढे, कडा तशाच कातरलेल्या.
"ताई, तुमच्या देवी काढल्या नाहीत?"
"नाही मामा. तोवर बंद झालं होतं."

कोरा दंड झाकते,
हातमोजे पुन्हा एकदा तपासते.