जाऊन रायलो

सातवीच्या फळ्यावर लिहिलं, आय ॲम गोइंग.
खाली पुस्तकातलं मराठी: मी जात आहे.
वर्गानं मान खाली घालून ते वहीत उतरवलं
आणि मान वर करून एका सुरात म्हटलं,
मी जाऊन रायलो.

जात आहे म्हणा.
जात आहे, सर.
तेवढ्यात पल्लवी कुळमेथे दारात.
कुठं होतीस?
येऊनच रायली होती ना, सर.

हे इंग्रजी क्रियापद फार छळतं मुलांना.
ॲम, इज, आर, वॉज, वेअर,
एका घरातली भावंडं म्हणावीत
तर एकाचं नाक दुसऱ्यासारखं नाही.
मी सांगतो, सगळ्यांचं मूळ एकच: बी.
प्रज्वल नेवारे हात वर न करताच विचारतो,
मंग बी कुठंच काऊन नाही दिसत?
मागच्या बाकावरून त्याचाच चुलतभाऊ,
येडा हाय का बे, बी जमिनीत रायते,
वर जे येते त्याले पऱ्हाटी म्हणते.

बीएडला मला इतकं सोपं करून
कोणी सांगितलं नव्हतं.

मी संगमनेरकडचा. यशोदेकाठच्या या गावात
नवा होतो तेव्हा हसायचो.
जाऊन राहिला म्हणजे गेला की राहिला?
एक काय ते ठरवा की.
रात्री बायकोला फोनवर नकला करून दाखवायचो,
जेवून रायलो, झोपून रायलो, घोरून रायलो,
ती तिकडे पोट धरून.

त्याच हिवाळ्यात खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाई
आठवडाभर आल्या नाहीत. चुलीजवळ त्यांची जाऊ बसायची,
मीठ जास्त पडायचं.
सेवाग्रामच्या दवाखान्यात होत्या, फोन लावला.
देवाजी कसे आहेत?
मरून रायला ना, सर.
मी परिपाठाला मुलांना दोन मिनिटं उभं केलं,
डोळे मिटा म्हणालो, शाळा अर्धी सोडली
आणि दुपारच्या एसटीनं हार घेऊन गेलो.

खाट नंबर एकोणीस.
देवाजी उशीला टेकून संत्र्याची फोड चोखत होता.
हार पिशवीत खाली दाबला,
झेंडूचा वास काही दाबता येईना.
बाई बाहेर येऊन म्हणाल्या,
मरून रायला म्हटलं मी,
मेला कुठं म्हटलं?

तो पुढं अकरा दिवस होता.
बाई रोज सांगायच्या, मी आता नीट ऐकायचो.
पेज पिऊन रायला थोडी थोडी.
भितीकडं पाहून रायला.
शाळेत खिचडी कोण रांधून रायलं, ते विचारून रायला.
बाराव्या दिवशी नुसतं, गेला.
त्या शब्दाला मागं काही जोडलेलं नव्हतं.

पेपरात मी अजून लाल पेनानं
जात आहे, असंच दुरुस्त करतो,
परीक्षेत मार्क त्यालाच.
अर्धा मार्क मात्र ठेवतो,
कशाबद्दल ते लिहीत नाही.

परवा आंतरजिल्हा बदलीची यादी आली,
माझं नाव सत्ताविसावं.
वच्छलाबाई पातेलं घासत होत्या, राखेनं,
हात न थांबवता म्हणाल्या,
तुमी बी?
मी बी, म्हणालो,
आणि कितीतरी वेळ
त्या एवढ्याशा अक्षराशीच उभा.

रात्री बायकोचा फोन.
सामान बांधलं का?
बांधून रायलो, म्हणालो.
या वेळी ती हसली नाही.
म्हणजे बांधलं की नाही,
ते सांग.