इतर

लिंशॉपिंगच्या बाहेर एका बिनखिडकीच्या शेडमध्ये
अर्धी कापलेली मोटार उभी आहे. चाकं काढलेली.
समोरच्या भिंतीवर सूचिपर्णी रान
आणि ताशी नव्वदनं अंगावर येणारा ओला रस्ता.
मोटार जागची हलत नाही.

माझं काम नंतरचं. नजरा मोजायच्या.
सेकंदाला पंचवीस फ्रेम, ताशी नव्वद,
म्हणजे एका फ्रेमला बरोबर एक मीटर.
हा हिशेब पहिल्याच दिवशी लक्षात आला
आणि त्या दिवसापासून मी बसनं घरी जाते.

बुबुळ स्क्रीनकडे वळलं की कळ दाबायची,
रस्त्यावर परतलं की सोडायची.
"पायांकडची ऊब दोन अंश वाढवा":
कुणा एकीच्या चार नजरा, तिसरी एकावन्न फ्रेमची.
एकावन्न मीटर ती गाडी
कुणीच चालवत नव्हतं.
पन्नासच्या वर रकाना आपोआप लाल होतो.

सकाळी हिलेवी त्यांना तो चष्मा चढवते:
दीड सेकंद स्वच्छ, दीड सेकंद दुधी.
दृष्टीआड सृष्टी, पण ठोक्यावर बसवलेली.
बहुतेकांचं बोट त्या दुधात थिजतं.
टूरे ओडमार्क यांचं थिजलं नाही,
चाचपडत राहिलं गुळगुळीत काचेवर.
वय एकाहत्तर. तीस वर्षं लाकडाचा ट्रक.
"पूर्वी बटणाला कान असायचा," म्हणाले,
"अंधारातही धरता यायचा."

दुपारी त्यांचं चित्रण माझ्याकडे आलं.
रस्ता. आरसा. रस्ता.
मग एक नजर उजवीकडे,
स्क्रीनच्या पलीकडे, आणि जरा वर,
बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याइतकी वर.
अठरा फ्रेम.
तिथे फक्त आसन आहे, त्यावर हिलेवीचे हातमोजे.
स्क्रीन. रस्ता. पुन्हा उजवीकडे, वीस.
दरवेळी,
हीटरला हात लावायच्या आधी.

सातव्या वळणावर मूस येतं. सगळ्यांनाच येतं,
तेच मूस, त्याच झाडामागून.
त्यांनी वेळेत ब्रेक दाबला.
आणि पापणी लवायच्या आत उजवा हात
आडवा गेला, शेजारच्या आसनापुढे,
तळवा उघडा,
आणि तसाच राहिला, मूस रानात शिरेपर्यंत.

हातांसाठी आमच्याकडे रकाना नाही.
नजरांसाठी आहे, अगदी शेवटचा.
तिथे मी लिहिलं: अकरा नजरा,
दोनशे सहा मीटर.

हिलेवी म्हणाली, इतर वगळ आणि सरासरी काढ.
काढली.
स्क्रीन पास झाली.