अर्धं सूत

आठ महिने ती बिनघराची होती, माझी यंत्रं.
एक ऑसिलेटर बुटांच्या खोक्यात,
फिल्टर सुतरफेणीच्या डब्यात, झाकण कापून,
आणि ज्याचा ट्रान्झिस्टर मी दोनदा उलटा बसवला
तो मिक्सर तर उघडाच, पोळपाटावर.
लॅमिंग्टन रोडवरून पुड्यापुड्यांनी आणलेला हा संसार
पलंगभर वायरींनी एकमेकांना धरून बसायचा.
रात्री आवरताना
कुठली वायर कुठल्या भोकात, ते मी वहीत लिहायचे,
सकाळी वही सापडायची नाही.

शेवटी दारूखान्यात गेले.
तोडलेल्या जहाजांचं लाकूड मिळतं तिथे.
कुठल्याशा केबिनच्या कपाटाचं दार घेतलं, सागवानी,
बिजागरीजवळ पितळी पाटी:
दोन भाषांत कसली तरी मनाई,
मला एकही वाचता येईना.

भिवाजी मेस्त्री काळाचौकीला देव्हारे करतात.
माझं ड्रॉइंग उलटं धरून म्हणाले,
"कुठला देव?"
देव नाही, आवाज.
"म्हणजे पेटी."
तशीच. पण भाता नाही.
"मग श्वास कुठून घेणार?"
मागून, प्लगमधून. बारा व्होल्ट अधिक, बारा व्होल्ट उणे.
उणे म्हटल्यावर ते जरा थांबले,
मग पेन्सिल कानावर ठेवली.

माझं माप मिलिमीटरमध्ये,
एकशे अठ्ठावीस पूर्णांक पाच.
त्यांची पट्टी घडीची, कडा झिजलेल्या.
"पाच इंच, अर्धं सूत."
मी मोबाईलवर गणित केलं.
चूक निघाली केसाएवढी.
"केस काय, रंध्याने जाईल."

मग गणपती आले, मखरांची घाई,
माझं खोकं भिंतीशी उभं राहिलं दीड महिना.

वीस वर्षं मी महापालिकेच्या इस्पितळात
लोकांच्या कानांत शुद्ध स्वर सोडते आहे.
काचेपलीकडून. ऐकू आलं की बटण दाबा.
काहीजण मी गप्प असतानाही दाबतात,
नोकरीचा प्रश्न असतो.
तो स्वर उकळून घेतलेल्या सुईसारखा,
कुणाचाच नसतो.
मला हवा होता एखादा डाग पडलेला,
शेजारी कुणीतरी कढई घासतंय
आणि मध्येच थांबून विचार करतंय, असा.

खोकं आलं दसऱ्यानंतर.
मेस्त्री स्वतः घेऊन आले, तीन मजले, खांद्यावर.
पितळी पाटी त्यांनी काढली नव्हती,
घासून बाजूच्या फळीवर नीट बसवली होती.
पट्ट्या सरकवल्या, स्क्रू आवळले.
बटण दाबलं तर आधी नुसती विजेची घरघर,
अर्थिंगची वायर सुटलेली.
जोडली.
शांतता अशी स्वच्छ झाली
की खालच्या इस्त्रीवाल्याचा खोकला वर आला.

मग एक हजार. मेस्त्रींनी मान हलवली.
दोन हजार. हलवली, उशिरा.
चार हजारांवर ते माझ्याकडे बघत राहिले,
फोटो काढून घेताना माणूस बघतो तसे.
"लाव की."

लागलेलाच होता.

चाळीस वर्षांची करवत.
त्यांच्या कानाचा आलेख मी कागदाशिवाय वाचला:
सरळ चालत आलेली रेघ,
पुढे जिन्यावरून पाय घसरल्यासारखी.
काही बोलले नाही. नॉब उलटा फिरवला,
दोनशे, शंभर, साठ,
चाळीसच्या आसपास टेबलावरची कपबशी बोलायला लागली.
मेस्त्रींनी तळहात फळीवर टेकवला.
डोळे मिटले नाहीत वगैरे,
नुसता हात थोडा डावीकडे नेला.
"इथं सैल आहे. सांध्यात फडफडतंय."
मला येत नव्हतं ऐकू.
खिशातून त्यांनी एक ढलपी काढली,
अर्धं सूत असेल,
अंगठ्याने आत रेटली,
आणि स्वर एका जागी उभा राहिला.

म्हटलं, सोमवारी इस्पितळात या,
केसपेपर मी काढून ठेवते.
"बघू," म्हणाले.
हात अजून फळीवरच.