रेटून

कसबा बावड्यात, कोर्टासमोरच्या पत्र्याखाली
भरमू मगदूम टाइपरायटरवरची धूळ फुंकतात
आणि माझी वही डोळ्यांजवळ नेतात.
निळी शाई, खाऱ्या हवेनं फुगलेली पानं.
समुद्र इथून अख्खा घाट उतरून,
तरी पान उलटताना त्यांच्या बोटाला तो लागतो.

लंडनच्या वकिलाला हवंय
एकोणीस तारखेच्या पानाचं भाषांतर, शपथेवर.
त्याची पत्रं फार सभ्य असतात. विचारतात:
त्या रात्री तुम्ही बोटीवर डॉक्टर होता, की पाहुण्या?
करार मालकाशी होता, की त्याच्या कंपनीशी,
जिचा पत्ता म्हणजे कुठल्याशा बेटावरची टपालपेटी?
झेंडा कोणत्या देशाचा?
तुमचा विमा किनाऱ्यापासून किती मैलांवर संपतो?

बारा. हे मला नंतर कळलं.

सीपीआरला इंटर्न होते तेव्हा
एका कॉटवर दोघं, खाली सतरंजीवर तिसरा,
पण रात्री हाक मारली की भूलवाले सर
जिना चढून यायचे. करवादत, पण यायचे.
त्या बोटीवर संगमरवरी न्हाणीघर होतं,
जमिनीला स्क्रूनं आवळलेला पियानो होता,
आणि माझ्या खोलीत एक कपाट:
सलाइनच्या तीन बाटल्या, टाक्यांचा संच,
मालकाच्या झोपेच्या गोळ्यांचे अकरा डबे.

इस्माईल मुकादम, राहणार जयगड, वय चोवीस.
पोटात उजवीकडे, खाली.
दाबताना नाही, हात उचलताना कळ.
मी कॅप्टनला म्हटलं, बोट वळवा.
कॅप्टन म्हणाला, विचारतो.
मालक म्हणाला, परवा पाहुणे चढणार आहेत, सकाळी बघू.
लॉगबुकात मी इंग्रजीत नोंदवलं,
वळवण्याचा सल्ला दिला, बावीस चाळीस.
कॅप्टनच्या सहीची जागा कोरी.
इस्माईल मराठीत म्हणाला,
जाऊ दे मॅडम, माझ्यापायी कशाला
एवढी मोठी बोट.

सकाळी कुणी बघितलं नाही. दुपारी बघितलं.
हेलिकॉप्टर आलं तेव्हा
त्याच्या अंगावरची चादर मी नुसतीच नीट करत होते.
कंपनीनं त्याच्या आईला बॅग पाठवली,
आत गणवेश, इस्त्री केलेला.

त्या रात्री, एकोणीसच्या,
झोप येईना म्हणून या वहीत एक ओळ लिहिली होती.
भरमूअण्णा ती वाचतात, ओठ हलवत:
सांगितलं. पण रेटून सांगितलं नाही.

चष्मा काढतात.
"म्याडम, ह्या रेटूनचं काय करायचं?
आवाज चढवला न्हाई असं मारलं
तर कोर्ट म्हणंल, बाईमाणूस, हळू बोलली, तिचा काय दोष.
आग्रह धरला न्हाई असं मारलं
तर समदं तुमच्या अंगावर.
कुटलंबी मारतो. शिक्का दोन्हीवर बसतोय."

मी गप्प.
समोर चढावर उसाची ट्रॉली अडकलीय,
ट्रॅक्टरचं पुढचं चाक हवेत.
चहाच्या गाड्यावरचे दोघं, एक शिपाई,
आणि काळा कोट खांद्यावर टाकलेला एक वकील
मागून भिडलेत.
"रेट! आरं रेट की!"
कुणाची तरी चप्पल चिखलात राहते.
ट्रॉली हलत नाही. ते सोडत नाहीत.

"ते तसं," मी म्हणते. "ते मी केलं नाही."

भरमूअण्णा त्या माणसांकडे बघत राहतात,
मग कार्बन लावतात. "किती प्रती?"
तीन.
त्यांच्या इंग्रजी यंत्राचा एस
ओळीपासून जरासा वर उडतो.
त्या एका शब्दात
तो दोनदा उडाला.