कटती

तडवीकाकांनी वही टेबलावर ठेवली, उघडली नाही.
"मॅडम, वहीत एकशे चौसष्ट आहेत."
माझ्या प्रबंधात एकशे त्रेचाळीस.

जळगावचा मे. कूलरच्या टाकीत पाणी नाही,
छपाईवाला रिंग रोडवर सातपर्यंत थांबणार,
आणि सारांशाच्या शेवटच्या ओळीत
अपेंडिक्सच्या निदानात सोनोग्राफीची अचूकता
शहाण्णव टक्के.
आकडा कसा, नव्या स्टीलच्या डब्यासारखा.

एकवीस माणसं कुठं गेली?

सात जण गावी परतले, ऑपरेशन झालंच नाही,
त्यांच्या पोटात खरं काय होतं
ते मला कधीच कळणार नाही.
नऊ जणांच्या पोटात नुसता वारा;
पडद्यावर धुकं. तेव्हा मी लिहिलं होतं, 'नीट दिसत नाही'.
नंतर सरांनी समजावलं
की 'नीट दिसत नाही' हे काही उत्तर नव्हे.
उरले पाच. त्यांचं कारण मलाही आठवत नाही.

त्या नऊंत सुपडाबाई होत्या, भडगावकडच्या.
पोटावरचं जेल पदरानं पुसत विचारत होत्या,
"फोटूमा काय दिसनं वं माय?"
मी म्हटलं, गॅस आहे.
पहाटे तीनला पोट उघडलं
तेव्हा अपेंडिक्स फुटून गेलेलं.
बाई वाचल्या. प्रबंधातून तेवढ्या गेल्या.

आणि हे तर वहीतही नाही:
काही फोटो मी दुसऱ्यांदा पाहिले
ते सर्जनचा कागद वाचून झाल्यावर.
उत्तर ठाऊक असलं की
सावलीला किती पटकन आकार येतो!
'पद्धती'च्या प्रकरणात त्यावर एक शब्द नाही.

काका रावेरचे. जाता जाता दारात थांबले.
"आमच्याकडे केळीवाला डागी घड बाजूला टाकतो,
पण पावतीवर कटती लिहितो.
न लिहिता कापली तर त्याला काय म्हणतात
ते मी कशाला सांगू."

साडेसहा. छपाईवाल्याला फोन केला: आज नको.
नऊ चुकले असं धरलं तर नव्वद येतात.
सात आणि पाच कुठल्याच बाजूला बसत नाहीत;
त्यांची नावं नकोत, पण जागा ठेवायला हवी.
सर काय म्हणतील तेही माहीत आहे:
"अगं, कुणी विचारलंसुद्धा नसतं."

शहाण्णव खोडलं.
कोऱ्या पानावर वर लिहिलं, एकशे चौसष्ट,
आणि तिथून खाली बाण काढायला घेतले.
पहिला
सुपडाबाईंकडे.