टवका

उम्म जासिमनं फोटो धाडला: निळ्या काठाचं चिनी तसराळं,
आत बलालीत, म्हणजे आपल्या गोड शेवयाच,
फक्त वर अंड्याची पोळी.
"दानाचा सातवा वाढदिवस. केक असाच हवा.
भांडंसुद्धा खाता आलं पाहिजे."
दोन मिनिटांनी पुन्हा:
"काठाचा टवका उडालाय ना, तो विसरू नकोस.
तिच्या आजोबांचा अंगठा तिथेच बसायचा."

ऑगस्ट. गुदैबियातला तिसरा मजला.
खिडकीची काच बाहेरून घामेजलेली,
हवेत समुद्र उभाच्या उभा टांगलेला.
इथे त्याला रुतूबा म्हणतात, आमच्याकडे दमट.
साखरेला दोन्ही भाषा कळतात.

पिठीसाखर, हलाल जिलेटिन, टायलोजची चिमूट,
कानाच्या पाळीइतकं मऊ होईतो मळायचं.
लाटायचं: पापडाहून जाड, भाकरीहून पातळ.
माझं स्टीलचं तसराळं ओट्यावर पालथं,
त्याला कॉर्नफ्लॉवरचा हात,
आणि वरून हे पांढरं पांघरूण.
घडी पडू द्यायची नाही.
बाळाची टाळू भरताना फिरतो तसा तळवा फिरवायचा.

पहिलं रात्रीतून बसलं,
पंगतीतून उठलेल्या माणसासारखं ऐसपैस.
दुसरं सोडवताना चिरलं.
तिसऱ्याचं सांगत नाही.
चौथ्याला एसी अठरावर, पंखा, आणि भोवती
चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या पुड्या,
ज्यांच्यावर लिहिलेलं असतं: खाऊ नये.
श्रीकर म्हणाला, विजेचं बिल येईल
तेही साखरेचं करून भरशील का?

चौथं सुटलं. अलगद, आवाज न करता.
उलटं करून पाहते तर आतल्या अंगाला
ठिपक्याठिपक्यांची ओळ, उजवीकडून डावीकडे.
आरशासमोर धरलं तेव्हा लागली:
सौ. मालन द. तोडणकर, आचरे.

ही बाई मला ठाऊक नाही.
कुठल्याशा पूजेच्या भांड्यांत आमचं तिकडे गेलं असणार,
तिचं आमच्याकडे आलं.
आई म्हणाली होती, देऊ परत, देऊ.
मग ते माझ्या सामानात बसून बहारीनला आलं.
अकरा वर्षं मी त्यात कणीक भिजवतेय.

सुरीच्या टोकानं खरवडायला घेतलं.
'सौ.' गेलं, आणि हात थांबला.
काय करून बसले मी त्या बाईचं.
ओल्या ब्रशानं चार ठिपके परत ठेवून पाहिले.
ते काही धरेनात.
बाकीचं नाव राहू दिलं.
वर शेवया येणारच होत्या.

रंग कालवायला इतर जणी व्होडका घेतात.
मी कोकोबटर वितळवते, त्यात निळी पूड.
काठ रंगवताना श्वास रोखावा लागतो,
नाहीतर रेघही श्वास घेते.

आणि मग तो टवका.
पाच दिवस जे तुटू नये म्हणून जागले
तेच आता तोडायचं, तेही फोटोत दिसतं तसंच.
चिमटा घेतला, ठेवला. कात्री घेतली, ठेवली.
शेवटी नुसता अंगठा टेकवून दाबला.
टक्.
काचेची बांगडी पिचते तसा आवाज.
तुकडा जिभेवर ठेवला. गोड. थोडा पिठूळ.

शुक्रवारी मांडीवर खोका घेऊन
मुहर्रकचा पूल ओलांडला,
श्रीकरला म्हटलं, गतिरोधकावर हळू.
दानानं आधी केक पाहिलाच नाही,
खाचेत अंगठा बसवून पाहिला.
मोठा होता तो टवका तिला.

रात्री व्हिडिओ आला. तोंड निळं,
शेवया संपलेल्या, हातात भांड्याचा एक कपरा.
मागून उम्म जासिमचा आवाज:
आत मुंग्यांनी काहीतरी लिहिलंय म्हणते ही. काय आहे ते?

मी बराच वेळ टाइप करत होते, पुसत होते.
मग लिहिलं:
आमच्यात भांड्यांवर नाव घालतात,
परत यावीत म्हणून.