सहा अकरा

आयर्विन पुलावरची पट्टी बुडाली
त्या रात्री अंकलीहून ट्रॉलीत बसून
बावीस माणसं आली, दोन शेळ्या, गॅसची एक टाकी
आणि मांडीवर पितळी कळशी आवळून
आक्काताई मगदूम.

मिरजेत आमच्या गल्लीतली मशीद,
वर मदरशाची खोली. पोरं गावी गेलेली, चटया मोकळ्या.
अब्बांनी रजिस्टर उघडलं, परत मिटलं.
"नावं उद्या. आधी अंग पुसा."

दुसऱ्या दिवशी खिचडी आली. तिनं ताट सरकवलं.
नुसत्या कांद्यामुळं नव्हे.
"सूर्य बुडला का न्हाई? कुणी बघितलाय?"
आठ दिवस कुणीच बघितला नव्हता.
आभाळ म्हणजे भिजलेली गोणी,
दुपार आणि तिन्हीसांज एकाच रंगाची.

अब्बा सतारीचे भोपळे कोरतात
आणि पाच वेळा अजान देतात.
हिशेबात कच्चे.
खाली फळ्यावर मगरीबची वेळ : सहा एकोणसाठ.
"दोन घटका आधी जेवण उरकायचं," ती म्हणाली.
त्यांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली,
जिन्यातून हाक दिली :
"सहा अकरापर्यंत, मावशी. घाई करू नका."

मग रोजच.
अम्मी पांढऱ्या ओढणीची दुहेरी घडी करून पाणी गाळायची,
उकळायची, झाकायची.
मुगाची आमटी, कांदा नाही, लसूण नाही,
अम्मीला ती बेचव लागायची, तरी शेजारी बसून खायची.
लाईट नव्हती. भोंगा मुका.
अब्बांची अजान उघड्या गळ्याची, थोडी खोकत,
तोवर आक्काचं ताट धुऊन पालथं.

ईद चार दिवसांवर.
जिन्याखालचं बकरं एका सकाळी दिसेना.
तिनं विचारलं.
"भाच्याकडं सोडलंय," अब्बा म्हणाले.
तिला कळलं.
त्यांना कळलं की तिला कळलं.
पुढं कुणी बोललं नाही.

चौथ्या दिवशी तिनं कळशी उचलली.
"तीन दिवस पाहुणा. तुमच्यातबी तसंच हाय म्हणं."
"पाणी उतरलंय का?"
"न्हाई."
"मग दिवस मोजायला सुरुवातच झाली नाही."

त्या रात्री अंधारात ती मला म्हणाली,
"शमीम, आमच्यात व्रत असतंय,
अतिथीचा वाटा काढल्याबिगर घास घ्यायचा न्हाई.
चाळीस वर्सं वाटा काढला मी.
दुसऱ्यानं काढलेला वाटा खायचा कसा
ह्ये कुणी शिकवलंच न्हाई बघ."
मला उत्तर सुचलं नाही.
मी तिच्या पायावर गोधडी ओढली.

अकराव्या दिवशी ती गेली. घरात मांडीभर गाळ.
जाताना भोपळ्यांकडं बघून म्हणाली,
"एवढं भोपळं, आन् भाजी एकदाबी न्हाई!"
अब्बा इतके हसले की खोकला लागला.

फळ्यावर असर आणि मगरीबच्या मध्ये
अजून एक खाना आहे, खडूनं आखलेला.
दिवस सरकतो तसा आकडा सरकतो,
अब्बा अजून बोटांवरच वजाबाकी करतात.
नवा माणूस विचारतो, ही कुठली नमाज?
"नमाज नाही," ते म्हणतात,
आणि भोपळा घासायला घेतात.